हरणांच्या वाफ्यातला मका

नोव्हेंबर लागला की आमच्या घरात बेकन तळायला बंदी होते. कांदासुद्धा परतायचा नाही. लायलचे शिकारीचे नारिंगी कपडे मागच्या पडवीत दोरीवर टांगलेले असतात, आणि त्यांना तळणाचा वास लागला की हरणं अर्ध्या मैलावरून शेपट्या उभारून पळतात, असं त्याचं ठाम मत आहे. त्यामुळे शिकारीचा सीझन उघडायच्या आधीचा आठवडा आम्ही नवराबायको मुकाट्याने ओटमील खातो आणि एकमेकांवर थोडे वैतागलेले असतो.

त्या शनिवारी सकाळीही तेच चाललं होतं. लायल जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बुटांना मेण चोळत होता.

"हे घरातच करायला हवं का?"

"बाहेर थंडी आहे."

"बुटांना?"

"मला, नोरीन. बूट आपले आपण मेण लावून घेत नाहीत."

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. आमच्याकडे मागचं दार कोणी वाजवत नाही. "आहात का गं?" म्हणून ओरडायचं आणि आत यायचं, ही रीत. लायल म्हणाला, "पाद्री असतील. बूट लपव."

दारात आर्डिस टोलेफसन उभी होती. आमच्या शेताच्या पलीकडे, पाइनच्या रांगेमागे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, व्हर्लिनचं, घर. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला रुमाल, हातात रिकामी बादली.

"आत ये ना."

"बूट चिखलाचे आहेत."

"लायलचे तर टेबलावर आहेत. ये."

ती हसली नाही. टोमण्याला टोमणा परत केल्याशिवाय न राहणारी बाई हसली नाही, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

"तुझ्याकडच्या बादल्या दे," ती म्हणाली. "आणि चाळण असली तर तीही. व्हर्लिनने माझ्या वाफ्यात मका ओतला. पिंपभर."

लायलचा हात बुटावरच थांबला.

हरणं शिकारीच्या टप्प्यात यावीत म्हणून पेरलेलं चालतं, दाणे ओतलेले चालत नाहीत, हे आमच्या काउंटीत शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पीक उभं असेल तर हरणं हिंडत, एकेकटी खातात. मक्याचा ढीग दिसला की तोंडाला तोंड लावून खातात, आणि हरणांना झिजवून मारणारा रोग एकाकडून दुसऱ्याला जातो. म्हणून बंदी आहे. आधी नव्हती. व्हर्लिनच्या उमेदीच्या काळात सगळेच पुरुष नोव्हेंबरात मका ओतत. त्याच्या डोक्यात तोच काळ चालू होता.

"उचलून टाकू," लायल म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मी शिकारखात्याच्या वॉर्डनला फोन केला मघाशी."

"स्वतःहून?"

"मग काय हरणांनी करायचा?" हे मात्र ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "सभ्य आहे बिचारा. म्हणाला, दाणा न् दाणा उचला. पण उचलल्यावरही दीड आठवडा तिथे शिकार करता येणार नाही. नियमच आहे तसा."

सीझन पुढच्या शनिवारी उघडणार होता. म्हणजे गेलाच तो दिवस.

"मग यंदा राहू दे, आर्डिस," लायल हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तो मला ओळखेल असं सांग, मग राहू देते."

लायल बूट घालायला लागला.

आर्डिसने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही. दुधाच्या धंद्यातल्या घरात जन्मली, गाई विकून झाल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, आणि निवृत्त होईपर्यंत आमच्या गावच्या दोन पिढ्यांना तिने भट्टीत भाजलेला हॉटडिश वाढला. व्हर्लिन दुधाचा टँकर चालवायचा. सीझन उघडायच्या आदल्या दिवशी त्याचे भाऊ, मेहुणे, लायल, सगळे तिच्या घरी जमायचे. ती लेफसे, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटून ठेवायची, मोठ्या किटलीत कॉफी करायची आणि पहाटे त्यांच्या पाठी बघायची. परत आले की पुन्हा कॉफी. "चाळीस वर्षं शिकारीत आहे मी," ती म्हणायची, "आणि अजून एक हरीण जिवंत पाहिलेलं नाही. जे येतं ते पाय वर करूनच."

गेल्या हिवाळ्यात व्हर्लिन स्वतःच्या घराकडच्या रस्त्यावरच गाडी घेऊन हरवला. वसंतात डॉक्टरांनी आजाराचं नाव घेऊन सांगितलं, स्मृतिभ्रंश. गाडीची किल्ली गेली. मुलगी डार्ला मिनियापोलिसहून फोन करून म्हणाली, आई, घरातल्या सगळ्या बंदुका काढून टाक, आजच. आर्डिस म्हणाली, बघते. ती बघत राहिली. कारण व्हर्लिन रोज सकाळी एकच विचारायचा: "सीझन कधी उघडतोय?" बाकी महिने, वार, नातवंडांची नावं, सगळं सुटलं होतं. तेवढा एक दिवस त्याने घट्ट धरून ठेवला होता.

त्याचं मचाण मागच्या टेकडीवर, ओकच्या झाडात. तिथवर चढणं आता त्याला जमणार नव्हतं. तेव्हा आर्डिसने ठरवलं, तो हरणांकडे जाऊ शकत नाही ना, मग हरणांनी घरापाशी यावं. डुकरांच्या जुन्या आवारात, शेडच्या मागे, परसबागेएवढी जागा तिने नांगरून घेतली आणि वाफ्याच्या टोकाला, शेडच्या भिंतीला टेकून, एक लाकडी खोपटं उभं केलं. दोन खुर्च्या, एक खिडकी.

खाद्याच्या दुकानात बियाणं विचारायला गेली तेव्हा मी बरोबर होते. काउंटरवरच्या पुरुषांना आयतीच करमणूक.

"आर्डिस, हरणांना सॅलड लावतेस? ड्रेसिंग कुठलं देणार?"

"तुझी बायको देते तेच. तू जिवंत आहेस म्हणजे हरणं नक्की जगतील."

हसणं झालं, पण सल्ला कोणी धड दिला नाही. जूनमध्ये तिने क्लोव्हर, म्हणजे चाऱ्याचं तिपानी गवत, लावलं. जमीन आंबट, चुना टाकायला हवा होता हे तिला नंतर कळलं. जे काही उगवलं ते कोंब असतानाच हरणांनी कुरतडून सपाट केलं. आर्डिस तेव्हा माझ्या ओट्याशी बसून रडली होती. क्लोव्हरसाठी कोणी रडत नाही. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा सुरुवात केली. चुना पसरला, आणि पाऊस यायच्या आदल्या संध्याकाळी सलगम आणि राय नावाचं धान्य यांचं बी एप्रनमधून मुठीमुठीने फेकलं, कोंबड्यांना दाणे टाकावे तसं. व्हर्लिन मागून चालत होता. बी फेकायला त्याला छान जमलं. हात विसरले नव्हते.

सलगमाचा पाला पहिलं गोठणारं दव पडेपर्यंत कडवट असतो, हरणं हुंगून पुढे जातात. दव पडलं की गोड होतो. ऑक्टोबर संपताना ते पडलं, आणि दुसऱ्याच सकाळी वाफ्यात खुरांचे ठसे उमटले. आर्डिसने मला फोन करून सांगितलं. नातू झाल्याची बातमी देतानाही तिचा आवाज असा नव्हता.

आणि आता त्या हिरव्यागार पाल्यात, गोठलेल्या मातीत, पिवळा मका विखुरला होता. ढीग नव्हता. त्यानेही मुठीमुठीने फेकला होता, हळुवार, नीट, कोपऱ्या-कोपऱ्यात.

आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. दाणे मातीला चिकटलेले. हातमोजे घालून उचलले जात नव्हते, काढून बोटं बधिर होत होती. लायल आमच्या शेडमधला व्हॅक्यूम क्लीनर आणायला घरी गेला आणि जाताना म्हणाला, "नोरीनच्या कोंबड्याही आणतो. फुकट खातात नाहीतरी."

तो पाइनच्या पलीकडे गेल्यावर आर्डिस न बघताच म्हणाली, "नोरीन, दाणे उचलताना आणखी काही हाताला लागलं तर मला दे."

"काय?"

तिने बादलीत मूठ रिकामी केली. "काडतुसं."

मी मुठीतले दाणे उलटेसुलटे करून बघितले.

"बंदुकीचं कपाट तुला माहीत आहे. काचेचं दार, नावाला कुलूप. चमच्यानेही उघडेल. म्हणून मी काडतुसं काढून ठेवली. पिठाच्या डब्यात ठेवली तर त्याने शोधली. मोज्यांत ठेवली, तिथेही शोधली. माणूस बायकोचं नाव विसरतो, पण काडतुसं शोधतो. शेवटी शेडमधल्या मक्याच्या पिंपात पुरली. तिथे कशाला जाईल म्हटलं."

"आणि?"

"पिंप रिकामं आहे. खोका तळाशी पडलाय, उघडा. आत काही नाही." ती आता माझ्याकडे बघत होती. "तो मक्यासाठी गेलाच नव्हता गं. तो गोळ्या शोधत होता. मका हातात आला, तेव्हा मका ओतायचं आठवलं. हे मी केलं, त्याने नाही."

"आर्डिस, तू त्याला भरलेली बंदूक देणार होतीस?"

"वेडी आहेस का! रिकामी. मांडीवर. बसला असता, हरणं बघितली असती. एक सकाळ." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्याला कळलं असतं. रायफल हातात आली की आधी बोल्ट उघडून बघतो, अजूनही. तेव्हा काय सांगायचं ते माझं ठरत नव्हतं. रोज वेगळं ठरवायचे."

लायलचं मचाण या वाफ्याच्या मागे, ओढ्यापलीकडे आहे. पानं गळल्यावर शेडजवळून सरळ दिसतं. मी तिकडे बघितलं आणि मला जे वाटलं ते बोलून टाकलं.

"गोळ्या सापडल्या नाहीत तर मी लायलला जंगलात पाठवणार नाही. आणि हे त्याला सांगणारही आहे."

"सांग," ती म्हणाली. "मी सांगायचं धैर्य करत होते म्हणूनच दार वाजवलं. नाहीतर आत आले असते."

लायल आला. व्हॅक्यूमची लांब वायर आर्डिसच्या शेडपर्यंत पोचली, आवाज खूप झाला, मातीच जास्त ओढली गेली. कोंबड्या गारठून एका जागी गोळा होऊन उभ्या राहिल्या. एकीने सलगमाचं पान टोचलं, बाकीच्यांनी तेवढंही नाही. मी लायलला काडतुसांचं सांगितलं. तो कोंबडीकडे बघत ऐकत होता. त्याचा चेहरा असा झालेला मी त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला पाहिला होता.

"किती होती?"

"माहीत नाही," आर्डिस म्हणाली. "गेल्या वर्षीचा उघडा खोका. त्याने किती उडवली ते मी कशाला मोजते?"

तेवढ्यात व्हर्लिन घरातून बाहेर आला. नारिंगी टोपी, नारिंगी कोट, खाली पायजमा आणि घरातल्या चपला. कोटाचे खिसे जड होते. ते आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं.

"कोण आहे तिकडे? माझा मका का उचलताय?"

"मी आहे, व्हर्लिन. लायल."

"लायल! लेका, तू तरी सांग यांना. मका उचलला तर हरणं खाणार काय?"

"हा पाला आहे की एवढा."

व्हर्लिनने खाली बघितलं. जणू प्रथमच. वाकून एक पान तोडलं, वास घेतला. "सलगम? हे कोणी लावलं?"

"तूच," आर्डिस म्हणाली.

"चांगलं आलंय," तो खूश होऊन म्हणाला. "ही बाई कोण?"

आर्डिस बादली ठेवून उठली. तिच्या घरात पहिल्यापासून एक दंडक होता. पडवीच्या आत गोळी यायची नाही. पडवीत फळीवर एक एनॅमलचं भांडं असायचं, शिकारीहून येणारा प्रत्येक जण त्यात खिसे रिकामे करायचा, तेव्हा कॉफी मिळायची. व्हर्लिनचा थोरला भाऊ एकदा विसरून आत आला तर तिने त्याला जेवणावरून उठवून परत पाठवलं होतं. आता ती पडवीत गेली, भांडं घेऊन दारात उभी राहिली, आणि चाळीस वर्षांच्या त्याच दरडावणीच्या सुरात म्हणाली, "कॉफी झालीये. खिसे."

एवढंच. "कुठून आणल्यास", "दे इकडे" वगैरे काही नाही.

व्हर्लिन गेला. चपला पायरीवर आपटून माती झटकली. मग उजव्या खिशात हात घातला आणि पितळी काडतुसं भांड्यात टाकली. डाव्या खिशातून आणखी. त्यांच्याबरोबर मक्याचे दाणेही पडले. "घे," तो म्हणाला, "आता तरी दे कॉफी, पोलीसबाई." आणि आत गेला.

लायलने सुस्कारा सोडला. आर्डिसने नाही. ती भांड्यात बघत होती, आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला समजत होतं, कारण माझ्याही तेच चाललं होतं. सगळी आली का? खोक्यात किती होती हे कोणालाच माहीत नाही. एखादं मातीत असेल. एखादं दुसऱ्या कोटात, उशीत, कोंबडीच्या खुराड्यातसुद्धा. आता पुढचे सगळे दिवस तिने घरभर हेच शोधत राहायचं, आणि सापडलं नाही तरी ते नाहीच असं म्हणता यायचं नाही.

"रायफल आजच माझ्याकडे येते," लायल म्हणाला.

"हिसकावू नकोस. घर डोक्यावर घेईल."

"हिसकावत नाही."

स्वयंपाकघरात व्हर्लिन कॉफीत साखर ढवळत बसला होता. लायल समोर बसला. "व्हर्लिन, माझ्या रायफलचा घोडा अडकतोय. यंदापुरती तुझी देतोस का उसनी?"

लायलला आमच्या लग्नापासून ओळखतो तो. ट्रॅक्टर, शिडी, एकदा बर्फात रात्रभर स्वतःचा टँकर, जे मागितलं ते दिलं. नाही म्हणाल्याचं आठवत नाही. त्याने एक क्षणही विचार केला नाही.

"ने की. कपाट उघडंच असतं. तेल दिलंय बघ." मग त्याने कप खाली ठेवला. "पण मी मग काय नेऊ? शनिवारी उघडतोय ना सीझन?"

त्याने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. माणसं खोटं बोलायच्या तयारीत असली की त्याला अजून कळत होतं, तेवढं शिल्लक होतं.

"शनिवारीच आहे ना?" त्याने आर्डिसला विचारलं. ही बाई कोण ते त्याला त्या क्षणी माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. पण विचारलं तिलाच.

"शनिवारीच आहे," ती म्हणाली.

"मग ठीक." तो पुन्हा ढवळायला लागला. साखर केव्हाच विरघळली होती.

लायलने रायफल काढली, बोल्ट उघडून आत बघितलं, कांबळ्यात गुंडाळून आमच्या ट्रकमध्ये सीटमागे ठेवली. मी गारठलेल्या कोंबड्या पेटीत भरल्या. मका अजून बराच उरला होता. उद्या पुन्हा यावं लागणार होतं, परवाही. वॉर्डन बघायला येणार होता. वाफ्यात आमच्या गुडघ्यांनी सलगम चेंगरलं होतं, पण मेलं नव्हतं.

आर्डिस आमच्यामागे ट्रकपर्यंत आली. हात एप्रनमध्ये गुंडाळलेले.

"ऑक्टोबरात मी त्याला दोनदा खोपट्यात नेऊन बसवलं," ती लायलला म्हणाली. "सरावासाठी. माझ्याजवळ बसत नाही रे. उठतो, दार उघडतो. म्हणतो, बाई, तुम्ही घरी जा, तुमचे लोक वाट बघत असतील. हरणं समोर आली होती, तरी उठला."

"हं," लायल म्हणाला.

आमच्याकडचा पुरुष सीझन उघडण्याच्या सकाळी जंगलात नसेल तर एक तर तो इस्पितळात असतो, नाहीतर चर्चमागच्या मातीत. लायलने माझ्या बाळंतपणातसुद्धा ती सकाळ सोडली नव्हती. हे आर्डिसला माहीत होतं. तेव्हा मला दवाखान्यात तिनेच नेलं होतं.

तिने ट्रकच्या दारावर हात ठेवला.

"लायल, शनिवारी पहाटे तू मचाणावर जाऊ नकोस. बंदूक न घेता आमच्याकडे ये, आणि हरणं येऊन जाईपर्यंत खोपट्यात त्याच्याशेजारी बस."